फाटकाबाहेरची टाळी

सेफेरिनाचा हात हलका आहे असं लुके गावात कुणी म्हणालं असतं, तर ऐकणारा पोट धरून हसला असता. तरुणपणी ती डोक्यावर टोपली घेऊन बसमध्ये चढायची आणि चीजचे गरम गोल पाव, चीपा, विकायची. टोपलीत हात घालणाऱ्या एका भामट्याची बोटं तिने बसच्या दारात चेमटवली होती. नवरा त्रांकिलिनो दारू पिऊन मारायचा. दोन वर्षं तिने मार खाल्ला. मग एका संध्याकाळी मका कांडायचं मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तो गेला तो गेलाच. गावाने नावं ठेवली, पण पुन्हा तिच्या वाटेला कुणी गेलं नाही.

इथवर तिला कुणी बोल लावू नये. पण हाताला एकदा चटक लागली की समोर कोण आहे हे तो बघत नाही. मिर्ना ही तिची एकुलती एक लेक. सतराव्या वर्षी पोर नाचायला गेली आणि उजाडता उजाडता परतली. सेफेरिनाने विचारलं नाही की पुसलं नाही, तेच मुसळ घातलं. पोरीचं मनगट मोडलं. हाड सांधल्यावर मिर्ना बुएनोस आयरेसला निघून गेली, आणि नऊ वर्षं तिने आईला तोंड दाखवलं नाही.

सेफेरिना मग राजधानीत, असुन्सिओनला, दॉन एव्हेलियोच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली. मालकाला यंत्रांचा भारी सोस. दिवे, पडदे, बागेचं पाणी, सगळं फोनच्या तालावर. नेरोन आणि दुके ही त्याची दोन दांडगी कुत्री रात्रभर आवारात मोकळी असायची. पावणेसातला त्यांच्या खोलीत यंत्र शिट्टी वाजवायचं, ताटलीत मांस पडायचं, कुत्री आत धावायची आणि दार आपोआप बंद व्हायचं. सातला नोकरांसाठी बाजूच्या फाटकाचं कुलूप उघडायचं. ते मात्र भिंतीतल्या एका जुन्या घड्याळावर चालायचं. ते फोनला जोडू जोडू म्हणत मालकाने कधी जोडलंच नाही.

मार्चमध्ये मिर्नाचा फोन आला.

"रविवारी येते सकाळच्या बसने. पण आधीच सांगते, आवाज चढवलास तर त्याच बसने परत जाईन."

"नाही गं चढवणार."

"आणि हात?"

"तोही नाही. मालक तळ्यावर गेलेत, घरात मी एकटीच आहे. सातला फाटक उघडतं. टाळी वाजव आणि सरळ आत ये."

त्या देशात दार ठोठावत नाहीत. फाटकाशी उभं राहून टाळी वाजवायची आणि आतून कुणी 'ये' म्हणालं की पाऊल टाकायचं. सेफेरिनाला ते 'ये' म्हणण्याचीही घाई झाली होती, म्हणून तिने आधीच सांगून टाकलं.

रविवारी ती उठली तेव्हा चांगलं फटफटलं होतं. फोनवर पाहिलं तर सहासुद्धा वाजले नव्हते. तिला नवल वाटलं नाही. जन्मभर मार्चमधल्या या रविवारी सरकारी हुकमाने अख्ख्या देशाचं घड्याळ तासभर मागे जात आलं होतं, आणि त्या सकाळी असंच लवकर उजाडायचं. सरकारने हा खेळ कायमचा बंद केला, आता घड्याळ हलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तेरेरेचा गार काढा पिता पिता तिने त्यावर शेजारणीशी भांडणही केलं होतं. पण उजेड नेहमीसारखा, फोन नेहमीसारखा, मग डोकंही नेहमीसारखंच चाललं. कुणी न सांगता फोन जुन्या खोडीने रात्रीत मागे गेला होता. कुत्र्यांचं यंत्रही त्याच्यासोबत मागे गेलं होतं. खरी वेळ दाखवत होतं ते भिंतीतलं जुनाट घड्याळ. त्याने बरोबर सातला कुलूप उघडलं.

मिर्नाला आवडतो म्हणून सेफेरिना मागे मका कांडत होती. टाळी ऐकू आली. नऊ वर्षांनी, आणि तासभर आधी! तिचं काळीज सुपाएवढं झालं. पुढच्याच क्षणी तिला कुत्री आठवली.

"थांब! आत येऊ नकोस!" कधीच चढवणार नाही म्हणालेला आवाज तिने आभाळाएवढा चढवला.

मिर्ना फाटकाच्या आत आलेली होती. नेरोनने तिला छातीवर झेप घेऊन पाडलं आणि दंड पकडला. दुकेने मांडीत दात रोवले आणि मान झटकून झटकून ओढू लागला. पोर ओरडत होती, मग नुसतेच हुंदके द्यायला लागली. सेफेरिना मुसळासकट धावली. पहिला घाव नेरोनच्या पाठीवर बसला, तरी त्याने जबडा सोडला नाही. दुसरा डोक्यावर. कवटी फुटल्याचा आवाज तिने ऐकला आणि तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुके वळून तिच्या पोटरीला लोंबकळला. त्याला तिने मका कांडावा तसा कांडला, तो हलायचा थांबल्यावरही कांडला.

मग ती लेकीकडे वळली. मुसळ अजून वर होतं, त्यावरून रक्त ठिबकत होतं. मिर्नाने धड असलेला हात डोक्यावर घेतला आणि अंग चोरून घेतलं.

"नको आई, नको!"

कुत्री तर मेली होती. सेफेरिना जागच्या जागी थिजली.

एवढ्यात दारावरच्या कॅमेऱ्याच्या डबीतून मालक कडाडला. तळ्यावर बसून तो फोनमध्ये आवार बघत होता. "सेफेरिना! काय केलंस हे? माझा नेरोन!"

"साहेब, पोरीला फाडलंय. गाडी पाठवा."

"अगं कुत्री पावणेसातला आत जातात! तुझी पोर आधी कशाला तडमडली?"

"फाटक उघडलंय, म्हणजे सात वाजून गेलेत."

"माझ्या फोनवर सहा वाजलेत."

"मग तुमच्या फोनला सांगा, तिचं रक्त तासाभराने वाहील म्हणून!"

तिने मुसळ त्या डबीवर भिरकावलं. डबी फुटून लोंबू लागली. मुसळ गवतात पडलं, ते तिने उचललं नाही. तिने एप्रन सोडून लेकीकडे टाकला, पण पाऊल पुढे टाकलं नाही. शेजारच्या बंगल्यावरची माणसं धावली. त्यांनीच जखमा बांधल्या, त्यांनीच मिर्नाला गाडीत घातलं. गाडी निघत होती तेव्हा कुत्र्यांच्या खोलीत शिट्टी वाजली. ताटलीत मांस पडलं आणि दार आपोआप बंद झालं.

सेफेरिना लंगडत, दोन बस बदलून दवाखान्यात पोचली. खोलीचं दार सताड उघडं होतं. मिर्ना भिंतीकडे तोंड करून पडली होती. सेफेरिना उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिने हळूच टाळी वाजवली.

"बाई, हे काय तुमचं अंगण आहे?" नर्स खेकसली. "जायचं तर जा आत."

सेफेरिना गेली नाही. पोटरीतलं रक्त चपलेत उतरत होतं. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा टाळी वाजवली, आधीपेक्षाही हळू.

मिर्नाने मान वळवली.

"ये," ती म्हणाली. "पण हात मला दिसतील असे ठेव."

सेफेरिना दोन्ही हात पुढे धरून आत गेली.