पहिली टाळी

कारेल सर गेल्याचं कळलं तेव्हा मी तुबलीतल्या गॅरेजात गाडीचा एसी दुरुस्त व्हायची वाट बघत बसलो होतो. त्यांच्या मुलीचा, हानाचा, दोन ओळींचा मेसेज आला. वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. पाच आठवडे झाले, म्हणून आता हे लिहायला धजतोय...

इथे आखातात, माहूजमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर हे ऐंशी पार केलेले झेक गृहस्थ लेकीकडे राहायचे आणि माझ्या मुलीला, इराला, पियानो शिकवायचे. तरुणपणी प्रागमध्ये त्यांनी एक ऑपेरा लिहिला होता. मांसाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या बायका, एवढीच गोष्ट. गाणं थोडं, कुजबुज फार आणि मध्येच तीन मिनिटांची शांतता, कारण रांग पुढे सरकत नाही. कम्युनिस्ट राजवटीत नवं काही लिहिलं की आधी संगीतकारांच्या संघापुढे वाजवून दाखवावं लागे. सरांनी दाखवलं. "कामगारांना हे कळणार नाही," असं सगळ्यांत आधी म्हणाला तो त्यांचा जिवलग मित्र. पुढची वीस वर्षं सरांनी एका इस्पितळाचा बॉयलर पेटवला.

एकदा तरी तो ऑपेरा, पियानोवर का होईना, लोकांपुढे अथपासून इतिपर्यंत वाजवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतले कार्यक्रम मी ठरवायचो. मी फुशारकीनं शब्द दिला, "पूर्ण वाजवा सर. आमचे लोक रात्ररात्र मैफली ऐकणारे आहेत."

विसाव्या मिनिटाला आमचे दर्दी लोक मोबाईलमध्ये शिरले. बटाटेवड्यांचा वास सुटला. अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "अहो, खलास करा आता. पोरींचं लेझीम खोळंबलंय." तेवढ्यात ती शांतता आली. सरांचे हात पट्ट्यांवर अधांतरी. ती तीन मिनिटं मला पक्की ठाऊक होती. पानं उलटायला बसलेल्या इरानंच घरी मला ती कागदावर दाखवली होती. मी टाळी वाजवली. सगळ्या हॉलनं माझी री ओढली आणि सरांना काही उमगायच्या आत त्यांच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ होता. आपल्याकडे सत्कार झाला की माणसाला उठावंच लागतं.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "लोकांचा गैरसमज झाला, सर."

"पहिली टाळी कुठून आली, तेवढं मला अजून ऐकू येतं," ते म्हणाले. "माझ्या मित्रानं निदान शेवटपर्यंत ऐकलं होतं."

इराला ते शिकवत राहिले. माझ्याशी मात्र पुन्हा बोलले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा आळस सोपा होता.

परवा हानानं एक रेकॉर्डिंग पाठवलं. शेवटच्या दिवसांत सरांनी एकट्यानं, फोन समोर ठेवून वाजवलेला अख्खा ऑपेरा. पावणेदोन तास. खाली लिहिलं होतं, 'हे तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं त्यांनी. ऐकून कळवा.'

मी ऑफिसात होतो. लगेच उत्तर टाकलं, 'आत्ताच ऐकलं. शेवटी डोळे भरून आले.'

मग वेळेकडे लक्ष गेलं. तिचा मेसेज अकरा वाजून दोन मिनिटांचा होता. माझा अकरा वाजून सात मिनिटांचा.