डोंगर म्हंजे कितला?

ठिबकची जुनी नळी हातभर कापून घेतली तर ती वेतासारखी लवते, पण वेतासारखी मोडत नाही. अंगावर बसली की आधी आवाज येतो, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि मग कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात, मध्ये पांढरी पट्टी. हे मला प्रकाशा नावाच्या तीर्थाच्या अलीकडच्या एका गावात शिक्षिकेच्या नोकरीला आल्यावर कळलं. तापीकाठची काळी जमीन, केळी, ऊस, पपई, आणि प्रत्येक बांधावर जुन्या नळ्यांची वेटोळी. पाणी देऊन निकामी झालेल्या नळीला गावात दुसरी नोकरी लागत असे.

माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाने या नळीची रीतसर मूल्यमापन पद्धती बसवली होती. बाप मोठा बागाईतदार, शाळा समितीचा अध्यक्ष, पंधरा ऑगस्टला माइकवरून मुलांना माया लावा असं सांगणारा. चाचणीचा पेपर घरी आला की तो शंभरातून गुण वजा करी आणि उरतील तितके फटके मारी. मोठ्याने मोजत. मुलाची गणितातली प्रगती अशी सगळ्या गल्लीला ऐकू जाई. कमी मारणं म्हणजे लबाडी आणि जास्त मारणं म्हणजे अन्याय, असं तो प्रामाणिकपणे मानी. एकदा मोजताना तो अडखळला, तेव्हा हात वर धरून त्याने मुलालाच विचारलं, "थांब, बेचाळीस हुयनात का त्रेचाळीस?" मुलाने हुंदके देत खरं उत्तर दिलं. वजाबाकी त्या घरात सगळ्यांची पक्की होती.

मी समजवायला गेले होते. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही मार्क देतस, मी मार देस. दोन्हीस्नं आपापलं काम शे."

म्हणूनच नवी पद्धत आली तेव्हा मला आशा वाटली. एरवी बॅनरवर छापून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. पण या पद्धतीत गुण नव्हते. आकडा नाही, टक्का नाही, नंबर नाही. आणि आकडा नसेल तर वजाबाकी कशातून करणार?

प्रशिक्षण तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झालं. व्यासपीठावर इतके मान्यवर होते की समोर बसलेल्यांत आणि त्यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. दीपप्रज्वलनाची समई पंख्याने विझत होती. ती चार वेळा पेटवली आणि प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की यापुढे मूल 'झरा', 'डोंगर' किंवा 'आकाश' असेल. सुरुवात करणारं ते झरा, वाटचाल करणारं ते डोंगर, पोचलेलं ते आकाश. सोबत शिक्षकाने एक वर्णनात्मक नोंद लिहायची. ती थोडक्यात आणि खरी असावी. "गुण गेले की भीती गेली," असं ते दोनदा म्हणाले. शेवटी आम्हाला कागद वाटले. त्यावर प्रश्न होता, की या प्रशिक्षणाला आपण दहापैकी किती गुण द्याल?

मी नऊ दिले. एक गुण समईचा कापला.

सहामाहीनंतर पालक मेळावा झाला. तज्ज्ञ पुन्हा आले, पुन्हा शाल आली. रंगीत प्रगतीपत्रकं वाटली. त्या मुलाला गणितात मी डोंगर दिला होता, आणि तो खरा होता. पोरगं अपूर्णांकांशी झगडत वर चढत होतं. बापाने पत्रक उलटसुलट पाहिलं, मागच्या पानावर आकडा असेल म्हणून तेही पाहिलं, आणि उभा राहिला.

"डोंगर म्हंजे कितला टक्का?"

तज्ज्ञ हसले. "डोंगर म्हणजे उंची गाठण्याची उमेद, दादा."

"ते ऱ्हाऊ द्या. आकडा सांगा."

"मुलाला आकड्यात बसवू नका."

"बसाडत नही. पन कितला?"

आमच्या सपाटीच्या गावात डोंगर या शब्दाला वेगळा वास आहे, हे पुण्याच्या तज्ज्ञांना कोण सांगणार? डोंगर म्हणजे सातपुडा. तिथून मजूर खाली येतात, आणि ज्याला अक्कल नाही असं म्हणायचं असतं त्याला गाव 'डोंगरी' म्हणतं. त्या मुलाच्या वर्गात डोंगरातून आलेली एक मुलगी होती, याच बापाच्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची लेक. तिला गणितात आकाश मिळालं होतं. हे मागच्या रांगेला कळायला वेळ लागला नाही.

"काय भाऊ, पोऱ्या डोंगरवर गया का?" मागून कुणीतरी ओरडलं. "आते त्याले ढोरं चाराले धाडी दे!"

"आन् सालदारनी पोर आकाशमा!"

"मंग मालक कोन, सालदार कोन?"

सगळा मंडप हसला. तज्ज्ञही हसले; त्यांना वाटलं पालकांचा सहभाग वाढतो आहे. बापाने पत्रकाची चौघडी घातली, खिशात ठेवली आणि मुलाच्या मानेला धरून तो निघून गेला.

माझी खोली त्याच गल्लीच्या टोकाला होती. संध्याकाळी आवाज सुरू झाला. नळीचा आवाज मला ओळखू येत होता. मी सवयीने कान देऊन आकड्याची वाट पाहिली. आकडे आलेच नाहीत. नुसती नळी, मुलाचं ओरडणं, आणि मग नुसती नळी.

मी धावले. दार आतून बंद होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं, लाथा घातल्या. शेजारचे ओट्यांवर उभे होते. "ऱ्हाऊ द्या मॅडम, घरनं काम शे," एक म्हातारा म्हणाला. दार उघडलं ते बाप थकल्यावर. तो उंबऱ्यात धापा टाकत बसला, तळहातावर नळीचा वळ उठला होता त्यावर फुंकर घालत. आत मुलगा जमिनीवर पालथा होता. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि आई तो पाण्याने भिजवून सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पह्यले मोजी मोजी मारेत," ती म्हणाली. "मोजानं सरनं का थांबेत. आज कोठे थांबानं ते त्यास्लेबी समजनं नही." मग सदऱ्याची कड हलकेच उचलत म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक आकडा लिखी द्या ना."

 

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपता संपता बाप शाळेत आला. एका हातात मुलगा, एका हातात नळी. मागून आई, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. तो भांडायला आलाच नव्हता, हे आजही मला सगळ्यात भयंकर वाटतं. त्याला हिशेब पुरा करायचा होता.

"सर, आकडा सांगा," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "काल जास्त हुई गयं व्हई तं पुढला येळले वजा करसू. मी अन्याय करत नही."

मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "सत्तर समजा," ते पुटपुटले. राज्याने मोठ्या खर्चाने घालवलेला आकडा अर्ध्या मिनिटात परत आला.

"सत्तर. म्हंजे तीस ऱ्हायनात." बाप मुलाकडे वळला. "काल कितला हुयनात रे?"

मुलाला नीट उभं राहता येत नव्हतं. "मोज्या नहीत," तो म्हणाला.

"मोज्या नहीत?" बापाचा आवाज चढला. "मोजता बी येत नही तुले? म्हनीसन त डोंगर!"

नळी वर गेली. मी मध्ये गेले. विचार केला नाही. केला असता तर कदाचित गेले नसते. ती माझ्या कोपराखाली बसली. आधी आवाज आला, मग क्षणभर काहीच नाही. मग मी दात आवळले आणि नळीचं दुसरं टोक धरून इतक्या जोराने ओढलं की तो व्हरांड्याच्या खांबावर आदळला. त्याची भुवई फुटली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती नळी उलट फिरवून त्याच्यावर चालवावी असं इतकं वाटलं की मी ती कौलांवर भिरकावून दिली.

मैदानावर पोरं रांगेतच उभी होती. 

बापाने डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं, माझ्या हातावरच्या रेघा पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, केस नका करा. चुकीसन लागी गयं." पोराचं त्याच्या ध्यानात नव्हतं. सरकारी नोकराच्या अंगावर हात टाकला, एवढंच त्याला कळलं होतं.

"जाऊ द्या मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "गावात राहायचंय आपल्याला."

मी स्कूटी काढली. किल्ली फिरवतेय तोवर मागे वजन आलं. आईने मुलाला मध्ये बसवलं आणि स्वतः मागे बसली. नवऱ्याने तिला हाक मारली. तिने माझ्या खांद्याला धरलं, नखं रुतेपर्यंत. "चाला," ती म्हणाली.

ठाण्यात हवालदाराने माझी तक्रार भराभर लिहिली. एक फटका, उजवा हात, कोपराखाली. कलमही त्याला तोंडपाठ होतं. मग पेन थांबवून त्याने मुलाकडे पाहिलं. "आणि याला? किती फटके?"

मी काही बोलायच्या आत आईने मुलाला पाठमोरं केलं आणि सदरा वर उचलला.

"मोजी ल्या, भाऊ."

हवालदार पुढे झुकला. पेनाच्या टोकाने, कातडीला न लावता, तो मोजू लागला. खांद्यापासून सुरुवात केली. थोडं खाली आल्यावर रेघांवर रेघा चढलेल्या होत्या. तो चुकला, परत वर गेला, परत चुकला. मग त्याने मोजणं सोडलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला.

"काय लिखं?" आईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"अंगभर," तो म्हणाला.

तिने सदरा खाली सोडला, नीट केला.

"हां," ती म्हणाली. "हाई बराबर शे."