पाणी राहत घालायची

शहागंजात कुणा मुसलमानाच्या घरी बाई वारली, की निरोप आधी शमशादबीला यायचा. मय्यतीला अंघोळ घालणाऱ्या बायका औरंगाबादेत आणखीही होत्या, पण शमशादबीचा हात हलका आणि तोंड बंद. कुणाच्या पाठीवर वळ दिसले, कुणाच्या अंगावर डाग, ती कधी बोलली नाय. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून राहणारी, दिवसभर तिचं डोकं खाणारी. मला सुद्धा नाय! "अनसूया, मेलेल्याची अब्रू माझ्या हातात असती," एवढंच म्हणायची.

सोबत तिची धाकटी बहीण असायची, राहत. राहत पाणी घालायची, शमशादबी अंग धुवायची. दोघी विधवा, दोघींना मूलबाळ नाय, चूल एकच.

मग राहतचं बिघडलं. चुलीवर रिकामी डेगची ठेवून हलवत बसायची. पुढं पुढं तर सख्ख्या बहिणीलाच चोर म्हणून मारायला धावायची. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, मुर्दे धुणाऱ्यांच्या अंगात काहीतरी शिरतंच. अस्सा राग यायचा मला त्या भवान्यांचा! शमशादबीची भीती निराळीच होती. तिची आईही म्हातारपणी अशीच झालेली. "अम्मा गेली, आता राहत. पुढं मीच ना गं?" ती विचारायची. "काहीतरीच बोलता, खाला!" मी उडवून लावायची.

राहत सरकारी दवाखान्यात वारली. पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट, निजामाचं राज्य होतं. तिथं हैदराबादेहून शिकून आलेले केशव डॉक्टर अशा म्हाताऱ्यांचा मेंदू मेल्यावर तपासायचे. त्यांनी विचारलं, आणि शमशादबी व्हय म्हणाली. तिला वाटलं, काढतील, बघतील, परत ठेवतील. अंघोळ तीच घालणार. टाके केसांखाली झाकले की झालं.

पण मेंदू काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "हा लोण्यासारखा मऊ असतो. औषधात घट्ट व्हायला काही आठवडे लागतील. त्याशिवाय कापून बघता येत नाही."

"आन् मय्यत आज दफन करायची ती?" मी ओरडलेच. "आधी सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "म्हणाल तर आत्ता परत ठेवतो."

शमशादबी भिंतीला टेकली. बहीण अपुरी मातीत घालायची, का सगळा जन्म त्या धास्तीत काढायचा? मग म्हणाली, "बघा तुम्ही. पण राहतचं राहतला परत द्यायचं." त्या दिवशी तिनं कुणालाच आत येऊ दिलं नाय. पाणीही तिनंच घातलं, अंगही तिनंच धुतलं.

डॉक्टरांचा निरोप आला तशा आम्ही दोघी गेलो. "मेंदू पार आकसलाय," ते म्हणाले. "वळ्या बारीक झाल्यात, मधल्या फटी रुंदावल्यात. आजार होता हा. जिन्न नाही, भूत नाही."

"म्हंजे मला चोर म्हणायची, ते तिच्या मनातलं नव्हतं?"

"नव्हतं."

शमशादबी पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, "मला व्हईल का?"

"जिवंत माणसाचं डोकं उघडून बघता येत नाही, शमशादबी."

थोड्या वेळानं तिनं तेच पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. दुःखात माणूस असंच करतं, मला वाटलं. डॉक्टर मात्र तिच्याकडं बघतच राहिले.

त्यांनी शब्द पाळला. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं मेंदूचं गाठोडं घेऊन आम्ही तशाच कब्रस्तानात गेलो. राहतच्या कबरीवर शमशादबीनंच लावलेला सब्जा चांगला वाढला होता. मी त्याच्या बाजूला खुरप्यानं माती उकरली आणि हात पुढं केला.

शमशादबीनं गाठोडं दिलंच नाय. ते काखेत धरून ती बाह्या वर सारू लागली, मय्यतीच्या घरी सारायची तशा.

"अनसूया, कुणाची मय्यत हाय गं?"

मी खुरपं खाली ठेवलं.

"आन् ही राहत कुठं राहिली? हाक मार तिला. पाणी कोण घालंल?"

"येतीय ती, खाला," मी म्हणाले, आणि तिच्या काखेतनं गाठोडं हळूच काढून घेतलं.