खुंटीवरचं गाठोडं

आज सकाळी चहा घेऊन निवाऱ्यात गेले, तर पारूआजींचं गाठोडं चक्क खुंटीला टांगलेलं! मी दारातच थबकले.

रस्त्यावर झोपणारं माणूस आमच्याकडे आलं, की कित्येक दिवस गाठोडं उशाशी घेऊनच झोपतं. आम्ही कुणाला काही म्हणत नाही. पारूआजी तर ते न्हाणीतही घेऊन जायच्या. विश्वास बसायला वेळ लागतो. तो बसला, की आधी हात मोकळे होतात.

खिचडीचं एक पातेलं घेऊन एसटी स्टँडवर जाणाऱ्या आम्ही चौघी बायका, एवढ्यावरच हे काम सुरू झालं. मग गल्लीतल्या कुणी सतरंज्या दिल्या, कुणी आपलं बंद गोदाम दिलं. काम किती वाढलं, असं लोक विचारतात, तेव्हा मी भिंतीकडे बोट दाखवते. सुरुवातीला तिथं चारच खुंट्या होत्या. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग आहे, आणि आज एकही रिकामी नाही.

सुतारमामांना लगेच बोलावलं. "किती ठोकू?" त्यांनी विचारलं.

"दुसरी भिंत भरेपर्यंत!"

मागून पारूआजी म्हणाल्या, "अन् जरा खाली ठोक रं बाबा. उद्या एखादी म्हातारी येईल, तिचा हात पुराया हवा."