उभ्याने द्यायचा नकार

भिंगरी आज बसून बोलली, हे काही आईच्या मनातून जाईना.

लहानपणी पोर एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. पुढे ती सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका ऑफिसात लागली. दिवसभर कानाला फोन. कुणाचा अनुभव कमी, कुणाची पगाराची अपेक्षा जास्त, कुणी होकार देऊन रुजू व्हायच्या दिवशीच फोन बंद करून बसतो. "कंपनीला उडणारा हत्ती हवा असतो," ती म्हणायची, "आणि तोही मांजराच्या पगारात."

ज्यांची निवड होत नसे, त्यांना तिथे कुणी फोन करत नसे. 'कळवतो' म्हणायचं आणि विसरून जायचं, हीच रीत. भिंगरी मात्र प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगायची, आणि तेही उभं राहून. घरून काम असलं तरी खुर्ची मागे सारायची, केस सारखे करायची आणि खिडकीपाशी ताठ उभी राहायची.

"समोरच्याला काय दिसतंय, तू उभी आहेस ते?" बाबा चिडवायचे.

"आवाजात कळतं, बाबा. लोळत-लोळत 'नाही' म्हटलं की माणसाला झटकून टाकल्यासारखं वाटतं."

"तरीच! माझी बढती नाकारताना आमचे साहेब झोपलेले असणार."

पण यंदा नुसते नकारच होते. कंपन्यांनी भरती थांबवली आणि फोनवर माणसं रडायला लागली. भिंगरीची साहेबीण म्हणाली, "तुला जागा भरायला ठेवलंय, डोळे पुसायला नाही." त्या दिवसापासून भिंगरी संध्याकाळी घरी आली की हातात पर्स तशीच धरून दाराशी बसून राहायची. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर तेही तिच्या लक्षात येत नसे.

त्यात आईच्या मोठ्या जाऊबाईंच्या मुलाचा अर्ज भिंगरीकडे आला. पोरगा हुशार, त्याच्या हातात दुसऱ्या एका कंपनीची नोकरी होती. उद्यापर्यंत तिथे हो किंवा नाही कळवायचं होतं. आज सकाळीच जाऊबाईंचा आईला फोन आला. "आमच्या भिंगरीच्या हातात आहे म्हटल्यावर घोर कसला? त्या दुसऱ्यांना उद्या सरळ नाही म्हणून सांगतो."

आणि संध्याकाळी भिंगरी घरी आली ती बुटांसकट पलंगाच्या कडेवर टेकली.

"दादाचं नाही झालं, आई. त्यांनी दुसऱ्याला घेतलं."

"अगं, मग काकूला फोन कर. ती मंडळी हातची नोकरी सोडायला निघालीत."

भिंगरीने फोन हातात घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पालथा घातला. "माझ्याच्याने नाही होत. कळवते म्हण." एवढं बोलून ती आडवी झाली आणि तशीच झोपून गेली.

कळवते! तिच्या तोंडून हा शब्द आईने कधी ऐकला नव्हता. तिला वाटलं, लेक दमली तर निजून ताजी होईल. पण जी कधी कुणाला टांगून ठेवत नव्हती, तीच आता माणसांना टांगून ठेवायला लागली, तर हिच्यात हिचं असं उरलं काय? उद्या पुतण्याची हातची नोकरी गेली, तर उठल्यावर हिला ते आयुष्यभर खाईल.

"सकाळी बघू," बाबा हळूच म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलेली राहील हो, पण त्या पोराच्या हातातलं जाईल."

"वहिनी काय बोलतील, ठाऊक आहे ना? घरच्या माणसासाठी एवढंही झालं नाही म्हणून जन्मभर ऐकवतील."

"ऐकवू देत. हिला ऐकवण्यापेक्षा मला ऐकवलेलं बरं."

आईने लेकीचे बूट काढले, पायांवर चादर ओढली आणि दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन तिने जाऊबाईंचा नंबर काढला. दिवसभराच्या कामाने गुडघे भरून आले होते. सवयीने तिने टेबलापाशी खुर्ची ओढली.

"बसूनच बोल," बाबा म्हणाले. "वहिनी तासभर तरी सोडायच्या नाहीत."

आईने खुर्ची परत आत सारली. केस सारखे केले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.