मुशीचं तेल

“हा घाण वास कुठून येतोय?”

परीक्षक साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बोईसरची एक शाळा, एसीचा हॉल, खेळण्यांचं विज्ञान प्रदर्शन. मी सातवीत. वास माझ्या टेबलावरून येत होता.

होडीतून मासळीची पाटी वर उचलणारी क्रेन मी केली होती. बांबूच्या कामट्या, दोऱ्याची रिकामी रिळं, सायकलच्या तारेचं हँडल. पाटी घसरू नये म्हणून सोड्याच्या बाटलीचं दातेरी बूच बसवलं आणि त्यात आईची केसांची पिन अडकवली. तो खटका माझा मी शोधला होता. आणि रिळं न कुरकुरता फिरावीत म्हणून मुशीचं तेल. आमच्या चिंचणीत होडीच्या लाकडाला हेच माशाचं तेल चोपडतात. आम्हाला त्याचा वास येत नाही. मला तो त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आला.

शेजारच्या टेबलांवर खोक्यातून आणून जोडलेल्या बॅटरीच्या गाड्या. निवडलेली खेळणी पालघरला, जिल्ह्याला जाणार होती.

“कोणी केलंय हे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “बाबांनी,” मी म्हणाले.

बाबा मागेच उभे होते. टेम्पोत मांडीवर धरून क्रेन त्यांनीच आणली होती.

“हो साहेब, माजीच हाय. पोरीचा काय दोष नाय,” ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, “बाहेर ठेवा. उद्या धुऊन आणा, मग बघू.”

क्रेन दाराबाहेर चपलांशेजारी गेली. मी आत, रिकाम्या टेबलामागे उभी राहिले.

घरी बाबांनी ती साबणानं घासली. “आता वास नाय येत, बघ.” रिळं करकरत होती. खटका अडकत होता. मला जेवण गेलं नाही. माझी अक्कल मी त्यांच्या नावावर केली, ती फक्त घाण अंगाला लागू नये म्हणून. आणि ते ‘हो’ म्हणाले.

सकाळी मी तेलाचा डबा काढला आणि रिळं पुन्हा माखली.

“परत तोच वास!” साहेब म्हणाले.

“तेच तेल हाय सर. क्रेन मी केली. काल खोटं बोलले.”

पाटीत दगड ठेवला. हँडल फिरवलं, सोडून दिलं. पाटी वरच राहिली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. पालघरला खोक्यातली गाडी गेली.

आज मी तारापूरच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करते. रविवारी चिंचणीची पोरं माझ्याकडे खेळणी बनवायला येतात. परवा एका मुलीनं विचारलं, “ताई, शाळेत नेताना तेल पुसू?”

बाबांनी त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाही. मला अजून त्यांच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही.

“पुसायचं नाय,” मी म्हटलं. “कोणी केलंय विचारलं तर आपलंच नाव सांगायचं. बाहेर काढलं तर मला बोलव. परत आत घेईपर्यंत मी दारातून हलणार नाय.”