तात्यांचं व्यसनमुक्ती केंद्र

बांधकाम संपलं की साइटवर खडी, वाळू आणि किस्से उरतात. खडी-वाळू आपोआप गायब होते. किस्से मात्र आर्किटेक्टच्या डोक्यात साचत जातात. लोणी देवकरजवळ आम्ही तरुण मुलांसाठी व्यसनमुक्ती केंद्र बांधलं, त्याचे तर ढीग लागलेत!

*

संस्थेचे अध्यक्ष तात्या. माझ्या बारामतीच्या ऑफिसात मी त्यांना ‘हीलिंग आर्किटेक्चर’ समजावलं. उजेड, झाडं, मोकळी हवा. निम्मा माणूस तिथंच बरा होतो, वगैरे.

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. “झ्याक हाय. फकस्त खिडक्या काढून टाका.”

“का?”

“पोरं पळतील की!”

भांडून खिडक्या राहिल्या. जाळ्या तेवढ्या तुरुंगाच्या बसल्या.

*

जागा बघायला गेलो. जागा छान. शेजारी परमिट रूम!

“तात्या, इथं?”

“फुकट मिळालीय मॅडम. आन् पत्ता सांगायला सोप्पं. पोरास्नी म्हाईतच हाय!”

*

समुपदेशक शबानाताई म्हणाल्या, आधी मुलांना तरी विचारू या. सोमेश्वरनगरचा एक पोरगा आला. दोन-तीन केंद्रांत राहून आलेला, म्हणजे आम्हा सगळ्यांत अनुभवी.

“तुला खोलीला काय हवं?”

“कडी.”

तात्या खूश. “बघा! मी काय म्हणत हुतो?”

“आतनं,” पोरगा म्हणाला.

कडी आतून बसली. तात्यांनी बाहेरूनही एक बसवली. समतोल!

*

स्लॅब टाकून झाला. ठेकेदारानं रीतीप्रमाणे मटणाचं आणि बाटल्यांचं विचारलं. तात्या कडाडले, “व्यसनमुक्ती केंद्र हाय हे! लाज वाटती का?”

ठेकेदार मान खाली घालून निघाला. तात्यांनी गेटपाशी त्याला गाठलं. “हितं न्हाय रं. मळ्यावर या सगळे.”

*

केंद्र सुरू झालं. भेटीच्या दिवशी वडगाव निंबाळकरहून एक आई आली. पोरगा खाटेवर गाढ झोपला होता. तिनं त्याला उठवलं नाही. भिंतीवरून हात फिरवला, बाहेरच्या लिंबाकडं बघत राहिली. मग शबानाताईंना म्हणाली, “ताई, हितं बायांसाठी खोली हाय का वो?”

“कुणाला हवीय?”

“मलाच.”

शबानाताई दचकल्या. “तुम्हाला कसलं व्यसन?”

“मला कसलं आलंय व्यसन! चार दिस झोपीन म्हणते.”